गालातली वजनं

मोठ्या सभागृहातला जाड मखमली पडदा वाऱ्यानं हलत नाही, मध्येच मुडपत नाही, याचं श्रेय लोक कापडाला देतात. कापडाचा त्यात काही संबंध नसतो. पडद्याच्या खालच्या दुमडीत वाटाण्याएवढ्या शिशाच्या गोळ्या वीतवीतभर अंतरावर शिवलेल्या असतात. त्या त्याला खाली ओढून धरतात, म्हणून तो असा शहाण्यासारखा उभा राहतो.

अशा गोळ्या शिवणाऱ्या एका बाईची ही गोष्ट. कारखान्यात तिला सगळ्या टाचणी म्हणत. अंगानं सडसडीत, बोलायला टोकदार, आणि एकदा कुठं रुतली की काढणाऱ्याचंच बोट रक्ताळणार, असं तिचं वर्णन खुद्द तिच्या नवऱ्यानं केलं होतं. तेही लग्नाला बरीच वर्षं झाल्यावर, म्हणजे अनुभवाचे बोल.

कारखाना म्हणजे गाड्या दुरुस्त करायच्या गॅरेजवरची एक लांबलचक खोली. मध्ये मेज इतकं लांब की त्यावर अख्खा पडदा पसरावा. दोन्ही बाजूंना बाकं, बाकांवर बायका, कोपऱ्यात शिशाच्या गोळ्यांची पोती आणि मागच्या अंगाला एक अंधारी खोली, तिच्यात शेगडी. कारखाना काकूंचा. त्यांचं नाव कोणी घेत नसे. मेजापासून गॅरेजपर्यंत त्या सगळ्यांच्याच काकू होत्या. काकू वाईट होत्या का? होत्या. पण आळशी वाईट नव्हत्या. नवरा गेल्यावर एका शिलाई मशीनवर हा पसारा उभा केलेला, आणि मालकीण झाल्यावरही रोज मेजाच्या टोकाला बसून बायकांबरोबर हातशिलाई करायच्या. त्यांच्याइतक्या वेगानं गोळ्या शिवणारी बाई त्या धंद्यात दुसरी नव्हती, आणि हे त्या कोणाला विसरू देत नसत.

वेगाचं गुपित गालात होतं. जाड मखमलीची दुमड एका हातानं उघडी धरावी लागते, दुसऱ्या हातात सुई. मग गोळी द्यायला तिसरा हात आणायचा कुठून? काकूंनी तो तोंडात शोधला. मूठभर गोळ्या डाव्या गालात भरायच्या, जिभेनं एकेक ओठांवर आणायची, वाकून दुमडीत सोडायची, टाका घालायचा. नवी बाई आली की तिला पहिले काही दिवस हेच शिकवलं जाई. गोळ्या चवीला जराशा गोडसर लागत. जिभेला त्यांची सवय झाली की काकू पाठीवर थाप मारत, "झाली बाई पक्की!"

यात काकूंचा आणखी एक फायदा होता आणि तो त्या उघड बोलून दाखवत. "तोंडात गोळ्या असल्या की बायकांची बडबड बंद. शिसं कसं, पडद्यालाही सरळ ठेवतं आणि तुम्हालाही."

यावर हसायचं असे. गालातल्या गोळ्या न सांडता.

टाचणीनं आपल्या धाकट्या बहिणीला तिथं स्वतः आणून बसवलं. दोघींच्या वयात बरंच अंतर. आई गेल्यावर टाचणीनंच तिला वाढवली. धाकटीचा टाका असा की उलटसुलट करून पाहिलं तरी पडद्याची सुलट बाजू कुठली ते कळू नये. हात इतका स्थिर, की काकूंनी तिला मागच्या खोलीतलं कामही दिलं. दुरुस्तीला आलेल्या जुन्या पडद्यांमधली चेपलेली, काळवंडलेली वजनं काढायची, कढईत वितळवायची, पळीनं साच्यात ओतायची, की नव्या गोळ्या तयार. खिडकी एकच, आणि तीही धूळ येते म्हणून काकूंनी बंद करून टाकलेली. दुपारचं जेवण धाकटी तिथंच शेगडीपाशी उरकायची. वितळलेलं शिसं थंड होईपर्यंत तेवढीच सवड.

आधी तिचं पोट दुखायला लागलं. आतून पिळल्यासारखं. शौचाला होईना, जेवण जाईना, तोंड पांढरंफटक पडलं आणि एवढी हसरी मुलगी येता-जाता खेकसायला लागली. कोपऱ्यावरच्या डॉक्टरनं पित्ताच्या गोळ्या दिल्या. मग तिच्या उजव्या हातातून कात्री पडली. मग सुई. मग एके दिवशी मनगटच वर उचलेना. हात पुढं केला की पंजा खाली लोंबायचा.

तिनं काकूंकडं सुट्टी मागितली. भर मेजावर, सगळ्यांसमोर.

"काय झालंय?" काकूंनी गोळ्या गालात सरकवत विचारलं.

"हात उचलत नाही काकू."

"कालपर्यंत तर उचलत होता. बघू." काकूंनी तिचं मनगट धरून हात वर उचलला, सगळ्यांना दिसेल असा धरला आणि सोडून दिला. पंजा लटकला. "अरे वा! अगदी पडद्यासारखा पडला की! वजन किती भरलंयस गं आत?"

मेज हसलं. काकू हसल्यावर मेजाला हसावंच लागायचं.

"नाटकं नकोत," काकू म्हणाल्या. "काम करायचं नसेल तर तसं सांग. जिना तिकडं आहे."

टाचणी समोरच बसली होती. तिच्या जिभेवर काकूंसाठी असं काही आलं होतं की ते ऐकून गॅरेजमधल्या माणसांनीही काम थांबवलं असतं. पण तिच्या गालात मूठभर गोळ्या होत्या. त्या थुंकून, तोंड पुसून ती बोलायला मोकळी होईपर्यंत धाकटी जिना उतरूनही गेली होती. तेवढ्या वेळात टाचणीचं बोलणं जे आत राहिलं, ते राहिलंच. रागाचं तसंच असतं. वेळेवर बाहेर पडला तर भांडण होतं, आत राहिला तर मुरतो.

सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी धाकटीचा हात पाहिला, ओठ खाली ओढून हिरड्या पाहिल्या आणि आधीच्या कोणी न विचारलेला एक साधा प्रश्न विचारला.

"काम काय करता?"

टाचणीनं सांगितलं. सांगता सांगता सवयीनं गालाला हात लावला.

डॉक्टरीणबाईंनी तिच्याही हिरड्या पाहिल्या. मग आरसा दिला आणि धाकटीला तिचीच हिरडी दाखवली. दातांच्या मुळाशी निळसर काळी रेघ, पेन्सिलीनं ओढल्यासारखी. "हे शिसं आहे. रक्त तपासून नक्की करू, पण मला शंका नाही. वितळवताना त्याचा धूर आणि धूळ छातीत गेली, बोटांवरून जेवणात गेली आणि चोखून सरळ पोटात गेली. ते रक्तात जातं, नसांत जातं, हाडांत तर वर्षानुवर्षं दडून बसतं."

"औषध?"

"आहे, देऊ. पण पहिलं औषध म्हणजे शिसं बंद. ते चालू ठेवून बाकी काहीही केलंत तरी फुकट." मग त्यांनी एका दमात सगळं सांगितलं. शिसं तोंडात घालायचं नाही. काम करतो तिथं खायचं नाही, प्यायचं नाही. जेवणाआधी साबणानं हात आणि नखं धुवायची. केरसुणीनं झाडायचं नाही, धूळ उडते. ओल्या फडक्यानं पुसायचं. कामाचे कपडे घरी न्यायचे नाहीत, घरच्या कपड्यांत धुवायचे नाहीत. लहान मुलांना आणि पोटातल्या बाळाला तर थोडंसुद्धा शिसं बाधतं. "कारखाना कोणाचा?" त्यांनी विचारलं. "तिथल्या सगळ्यांना हे कळायला हवं. मालकांनासुद्धा."

टाचणी म्हणाली, "मालक कसले बाई, आम्ही घरीच करतो. आसपासच्या पाचसहा जणी. सांगते सगळ्यांना."

हे खोटं तिच्या तोंडून कसं सरळ, टाक्यासारखं बाहेर आलं! बाहेर पायरीवर बसून तिनं धाकटीच्या पायात चप्पल सरकवली, तेव्हा बेत पुरता झाला होता. कारखान्यातल्या प्रत्येक बाईला सांगायचं. एक सोडून.

टाचणीच्या स्वतःच्या रक्तातही शिसं निघालं, पण धाकटीएवढं नव्हे. ती शेगडीपाशी कधी बसली नव्हती. धाकटीचं पोट सुधारलं, तोंडावर रंग आला; हात मात्र पुरता आला नाही. चमचा धरता येई, सुई नाही. टॅक्सी स्टँडवर फोन घ्यायचं काम तिला मिळालं. मनगटाला पट्टा बांधून ती दिवसभर लोकांना गाड्या पाठवायची.

टाचणी कामावर परत गेली. लोक म्हणाले, बहिणीचं असं झालं आणि ही त्याच बाईच्या मेजावर जाऊन बसते! बसू नये तर काय? सूड काही टपालानं पाठवता येत नाही. जवळ असावं लागतं.

पहिलं काम कढईचं. सकाळी सगळ्यांच्या आधी जाऊन तिनं कढईच्या बुडाला हातोडीनं भोक पाडलं, आणि काकू आल्यावर बोटावर फिरवून दाखवली. "जळून गेली काकू. आणि शेगडीचाही भरवसा नाही, खाली गॅरेजात पेट्रोल असतं." पेट्रोलचं नाव काढताच काकूंनी मागची खोली बंद केली आणि गोळ्या तयार आणायला लागल्या. तिथं पुन्हा कोणाची धाकटी बसायची नव्हती.

मग एकेक बाई. आधी चष्मेवाली, कारण ती मुळातच कमी बोलायची. मग बाकीच्या, पाणी भरताना, जिन्यात, चप्पल घालताना. सगळ्यात शेवटी रेडिओ. ही बाई एक वाक्य ऐकून तीन प्रसारित करायची, म्हणून ते नाव.

"काकूंना सांगायचं नाही," टाचणीनं तिला भिंतीशी उभं करून बजावलं.

"का गं? त्याही तर चघळतात. त्यांना..."

"माझ्या बहिणीला काय मिळालं सांगून? जिना. तुला हवाय?"

रेडिओनं तोंड मिटलं. आणि खरं सांगायचं तर नोकरीची भीती हे निमित्त होतं. प्रत्येकीच्या मनात काकूंचा एकेक शब्द काट्यासारखा मोडून राहिला होता. कोणाला रंगावरून, कोणाला माहेरावरून, चष्मेवालीला तिच्या मूल नसण्यावरून. गुपित कुलपानं टिकत नाही. ज्यांना ते टिकवायचं असतं, त्यांच्यामुळं टिकतं.

टाचणीनं मनगटावर बांधायची छोटी पिशवी शिवली. तोंडाशी इलॅस्टिक, अंगठ्यानं दाबलं की गोळी आपोआप सुईपाशी. आठवड्याभरात सगळ्यांच्या मनगटांवर पिशव्या आल्या. जेवणाचे डबे जिन्याबाहेरच्या गॅलरीत गेले, कारण "आत फार उकडतं." पाण्याचा माठ बाहेर गेला. केरसुणी सुटली ती पुन्हा बांधली गेलीच नाही, आणि फरशी ओल्या फडक्यानं पुसली जाऊ लागली. कामाचे जुने डगले दाराशी खुंट्यांवर लटकायला लागले. साबणाची वडी इतकी भराभर संपायची की काकूंना वाटलं, कोणी तरी घरी नेतंय.

"घड्याळं बांधलीत का सगळ्यांनी?" काकूंनी पिशव्या पाहून विचारलं. "आणि गाल का बसलेत सगळ्यांचे?"

"दात दुखतात काकू."

"सगळ्यांचे?"

"वय झालं."

"माझं नाही झालं ते!" आणि त्यांनी गाल ठासून भरला.

तेव्हापासून शर्यती सुरू झाल्या. काकूंचा गाल विरुद्ध टाचणीची पिशवी. एक दुमड या टोकापासून, एक त्या टोकापासून. पिशवीवर हात बसल्यावर टाचणी सहज जिंकली असती. ती दर वेळी हरायची. शेवटच्या हातभर अंतरात दोरा मुद्दाम गुंतवायची आणि म्हणायची, "काकू, तुमच्यासारखा गाल कोणाला येणार नाही." काकू फुशारून आणखी मूठभर गोळ्या तोंडात टाकायच्या. टाचणी त्यांच्या घशाकडं बघत बसायची. एखादी चुकून गिळली गेली की तिचा दिवस चांगला जायचा.

हे वाचून कोणाला टाचणी आवडेनाशी होईल. होऊ दे. ती कोणाला आवडण्यासाठी जगत नव्हती.

कारखान्यात आता बोलणं सुरू झालं होतं. तोंडं रिकामी झाल्यावर बायकांना एकमेकींची घरं कळली, सासवा कळल्या, हसणं कळलं. काकू वैतागायच्या. "फार तोंडं चालतात हल्ली तुमची!" सगळं बोललं जाई, आणि जे काकूंना ऐकायला हवं होतं तेवढंच कोणी बोलत नसे.

संध्याकाळी घरी आल्यावर धाकटी पट्टा सोडवता सोडवता विचारायची, "आज?"

"आज पोट धरून बसल्या होत्या. चहासुद्धा नको म्हणाल्या."

"पिळल्यासारखं म्हणाल्या?"

"हो. अगदी तोच शब्द."

"छान," धाकटी म्हणायची, आणि जेवायला बसायची. ज्याच्यावर अन्याय होतो तो आपोआप देवमाणूस होतो, अशी एक समजूत आहे. धाकटी तशी नव्हती. तिला काकूंचं प्रत्येक दुखणं तपशीलवार हवं असायचं. काकूंची झोप उडाली, काकू सगळ्यांवर खेकसतात, काकूंच्या तोंडाला चव नाही. आणि एका दुपारी रेडिओच्या कुठल्याशा विनोदावर काकू तोंड उघडून हसल्या, तेव्हा टाचणीला खालच्या दातांच्या मुळाशी ती रेघ दिसली. निळसर काळी. टाचणी इतकी खूश झाली की येताना तिनं धाकटीला नव्या चपला आणल्या.

असं बरंच चाललं. आणखी चाललं असतं. पण काकूंच्या मुलाचं लग्न झालेलं होतं, आणि एके दिवशी काकू सूनबाईला घेऊन जिना चढून आल्या.

सूनबाई पोरसवदा, डोळे मोठे, बोलणं गोड. पोट किंचित दिसायला लागलेलं. "मावशी, मला पण शिकवाल ना?" तिनं टाचणीलाच विचारलं, बाकावर तिच्याच शेजारी जागा होती.

"तुला शिकवायला मी आहे की!" काकू मेजाच्या टोकावरून गरजल्या. "हिच्याकडून पिशव्या बांधायला शिकशील. उद्यापासून माझ्याजवळ बस. हा धंदा पुढं तुलाच बघायचाय. गालानं शिवणारी आमच्या घरात आता तूच."

त्या संध्याकाळी धाकटीनं "आज?" विचारलं, तेव्हा टाचणीनं पोटदुखीबद्दल काही सांगितलं नाही. सुनेबद्दल सांगितलं.

धाकटीचा घास हातातच राहिला. "कितवा महिना?"

"पोट दिसायला लागलंय नुकतंच."

 नळाखालच्या भांड्यात पाणी ठिबकत होतं.

"तिला कानात सांग," धाकटी म्हणाली.

"कानात सांगितलं तर ती लगेच सासूला सांगणार. सासूबाईंना जपणारी आहे ती, दिसतंच."

"मग?"

"मग संपलं. काकू थुंकतील. दवाखान्यात जातील. बऱ्या होतील."

धाकटीनं आपला हात मांडीवर ठेवला आणि त्याच्याकडं बघत राहिली. त्या हातानं एकेकाळी टाके कुठं आहेत ते कळू नये असे टाके घातले होते. "अजून थोडे दिवस मिळाले असते तर काकूंचाही हात..." ती म्हणाली. पुढचं न बोलताही दोघींना कळलं. मग तिनं मान हलवली. "नको. त्या पोराशी आपलं काय वैर?"

"नाही ना."

"पण ताई, कानात नको सांगूस. माझा हात काकूंनी सगळ्यांसमोर पाडला होता. तूही सगळ्यांसमोर सांग."

दुसऱ्या दिवशी मेजावर गडद लाल मखमल पसरली होती. काकूंनी सूनबाईला शेजारी बसवलं, वाटीत गोळ्या काढल्या, स्वतःचा गाल भरला आणि दोन गोळ्या तिच्या तळहातावर ठेवल्या. "घे. आधी दोनच. चोखू नकोस, नुसत्या धर. हळूहळू जमतं."

सूनबाईनं हात तोंडाकडं नेला. टाचणी बाकावरून उठली, मेजाला वळसा घालायची तसदी न घेता वरूनच हात घातला आणि तिच्या मुठीतल्या गोळ्या काढून घेतल्या. एक गोळी टणकन फरशीवर पडून घरंगळत गेली.

"काय चाललंय हे?" काकू. शब्द गोळ्यांमधून वाट काढत आले.

"ते विष आहे," टाचणी सूनबाईला म्हणाली. काकूंकडं तिनं पाहिलंही नाही. "शिसं. पोटात जातं, रक्तात जातं, तुझ्या बाळाच्या रक्तात जातं. तोंडात घालायचं नाही. हात न धुता काही खायचं नाही. गरोदरपणात तू खरं तर या खोलीत पाऊलही टाकू नयेस. घरी जा आणि वाटेत सरकारी दवाखान्यात रक्त तपासून घे."

सूनबाई पांढरी पडली. तिनं टाचणीकडं पाहिलं, मग सासूच्या फुगलेल्या गालाकडं. "पण आई तर..."

"हिचं डोकं फिरलंय," काकू म्हणाल्या. "मी किती वर्षं चघळतेय! मला काय झालंय?"

"पोटात पिळतं," टाचणी म्हणाली. "शौचाला होत नाही. झोप नाही, चव नाही. हिरडीवर निळी रेघ आहे, आरसा देऊ? आता हात पुढं करा. दोन्ही. तळवे खाली, बोटं ताठ. करा की, काही झालेलं नाही ना?"

काकूंनी हात पुढं केले. करायला नको होते, पण टाचणीच्या तोंडून आलेलं आव्हान त्यांनी कधी सोडलं नव्हतं. डावा पंजा सरळ राहिला. उजवा थरथरला, थोडा वेळ टिकला आणि मग हळूहळू, त्यांच्या मनाविरुद्ध, खाली आला.

काकू त्या हाताकडं बघत राहिल्या. मग मेजाकडं. पहिल्यांदाच नीट बघत असल्यासारखं, एकेकीच्या मनगटाकडं. पिशवी. पिशवी. पिशवी. दाराशी लटकलेले डगले. गॅलरीतले डबे. बायकांनी माना खाली घातल्या होत्या, रेडिओनंसुद्धा.

"सगळ्यांना माहीत होतं?" काकूंचा आवाज बारीक झाला होता.

"सगळ्यांना."

"कधीपासून?"

"धाकटी जिना उतरली तेव्हापासून."

"आणि मला?"

"तुम्हाला सांगायचं नाही असं ठरवलं होतं. मी ठरवलं. बाकीच्यांना बोल लावू नका." मग टाचणी वाकली, काकूंचं उजवं मनगट धरून हात वर उचलला, सगळ्यांना दिसेल असा धरला आणि सोडला. "अगदी पडद्यासारखा पडला की!"

कोणी हसलं नाही. टाचणीला हसायला कोणी नकोच होतं. सूड घेतल्यावर म्हणे रितं रितं वाटतं. तिला तसं काही वाटलं नाही. भरल्यासारखं वाटलं. मग तिनं मेजावरची गोळ्यांची वाटी रिकामी केली आणि काकूंच्या हनुवटीखाली धरली.

"थुंका."

काकू थुंकल्या. गोळ्या वाटीत टपटप पडल्या, आणि त्यांच्याबरोबर रडूही आलं. सूनबाई सासूचे खांदे धरून उभी होती. टाचणीनं साबणाची वडी पुढं सरकवली. "हात धुवा. चूळ भरा. आणि घरी गेल्यावर ही साडी वेगळी धुवा, या पोरीच्या कपड्यांत टाकू नका."

सूनबाईचं रक्त चांगलं निघालं. काकूंचं निघालं नाही. त्याच डॉक्टरीणबाईंनी त्यांना दाखल करून घेतलं, औषध दिलं. टाचणीनं तेव्हा त्यांना कारखान्याचा खरा पत्ता सांगितला आणि खोटं बोलल्याबद्दल मुकाट्यानं बोलणी खाल्ली. ती खाण्यासारखीच होती. गोळ्यांची पोती गेली. पडद्यांच्या दुमडीत आता पोलादी साखळी घालतात. ती शिवायला सोपी, आणि तोंडात धरायची कोणाला इच्छाही होत नाही. काकूंनी टाचणीला काढलं नाही. सूनबाईनं काढू दिलं नसतं. शिवाय काढून लोकांना कारण काय सांगणार?

काही महिन्यांनी काकूंचा हात बराच सुधारला. पुरता नाही, पण धाकटीपेक्षा चांगला. ही गोष्ट टाचणीला आजही सहन होत नाही.

एका सुट्टीच्या दुपारी काकू दोघी बहिणींच्या घरी आल्या. सूनबाईनं पाठवल्या होत्या असं दिसलं, कारण बसायला सांगेपर्यंत त्या ढकलून आणल्यासारख्या दारातच उभ्या राहिल्या. धाकटी खिडकीजवळच्या खुर्चीत होती. ती उठली नाही.

"मी तुझी माफी..." काकूंनी सुरुवात केली.

"आधी बसा," धाकटी म्हणाली. समोरच्या स्टुलावर त्या बसल्या. धाकटीनं मनगटाचा पट्टा सोडला आणि लोंबणारा पंजा त्यांच्यापुढं केला. "धरा. खालून. असा वर."

काकूंनी आपल्या उजव्या हातानं तो धरला. त्यांचाच हात अजून थरथरत होता.

"धरून ठेवा," धाकटी म्हणाली. "मी सांगेपर्यंत सोडायचा नाही."

काकूंनी दारातल्या टाचणीकडं पाहिलं.

टाचणी चहा करायला आत गेली. त्या दिवशी चहाला तिनं फार वेळ लावला.